ओळ उचलणाऱ्या बायका

माझा आवाज मोठा आहे. जन्मतः नव्हता, गिरणीनं केला. लोहाऱ्यापासून थोडं आडबाजूला आमचं गाव आणि गावाच्या वेशीजवळ आमची पिठाची गिरणी. आमचे मालक, म्हणजे नवरा, शेत बघतात, गिरणी मी बघते, वीसेक वर्षं झाली. पट्टा फिरत असताना समोरच्या बाईला "ज्वारी का गहू?" एवढं विचारायचं म्हटलं तरी ओरडावं लागतं. ती सवय मग घरातही येते. माझी धाकटी जाऊ म्हणते, "आक्का, तुमी मीठ मागितलं की शेजारीण वाटी घिऊन येती." म्हणू दे. मला या आवाजाचा अभिमानच होता. गेल्या वर्षी तो अभिमान एका मिनिटात उतरला, त्याची ही गोष्ट.

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा सुरू झाली की आमच्या गिरणीवर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी परीक्षा बसते. दळणाचे डबे ओळीनं मांडून बायका पोत्यांवर बसतात आणि आदल्या दिवशी कोण कसं गायलं याचा निकाल लावतात. टीव्हीवरचे परीक्षक मऊ बोलतात, आमच्याकडं तसं काही नाही. कोकणातला एक लाजरा मुलगा होता, सगळं गाणं डोळे मिटून म्हणायचा. "आरं डोळं उघड की बाबा, समोर कोण बसलंय ते तर बघ," असं एक जण रोज ओरडायची, आणि तो खालच्या सुरात उतरला की तीच पदर डोळ्याला लावायची. पुण्याची एक मुलगी शास्त्रीय शिकलेली होती. तिची तान मला फार आवडायची. दळण बारीक पडावं आणि पिठात एक दाणा अख्खा सापडू नये, तशी तिची तान. मी एकदा तसं म्हटलं, तर जाऊ म्हणाली, "आक्का, तुमाला सगळीकडं पीठच दिसतंय."

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या म्हणजे भुसार दुकानवाल्यांच्या आजी. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं त्यांना राग आला की मराठी सुचते आणि मन भरलं की कानडी. एखादं गाणं खरंच आवडलं तर त्या मान हलवून एवढंच म्हणायच्या, "चलो हाडताळ." छान गाते. आजींचं चलो मिळालं की ती मुलगी आमच्यापुरती जिंकली.

भांडण व्हायचं ते सूत्रसंचालन करणाऱ्या बाईवरून. जाऊ तिच्यावर जीव ओवाळून टाकायची. तिच्या साड्या, तिचं हसणं, स्पर्धेतून बाहेर जाणाऱ्या पोराचा हात धरून उभं राहणं, सगळं जावेला पाठ. मला ती बाई बघवत नव्हती. "किती बोलतीय ही! गाणाऱ्याला घोटभर पाणी तरी पिऊ दे," मी गिरणीच्या वरताण ओरडायची. "आन् दर आठवड्याला डोळ्यात पाणी. कॅमेरा हलला की वाळत आसंल."

"तुमाला न्हाय कळायचं," जाऊ म्हणायची. "ती गाणाऱ्याच्या म्होरं कधी उभी ऱ्हाती का बघा. बाजूला उभी ऱ्हाती, आन् ओठ हलवती त्यांच्या संगं."

मी म्हणायची, ओठ हलवायचाच पगार असतो तिला.

हे सगळं आधीच्या वर्षांपर्यंत गंमत होती. गेल्या वर्षी त्या स्पर्धेत आमच्या घरातलीच पोरगी उभी राहिली. जावेची मुलगी, माझी पुतणी, वीस वर्षांची, लोहाऱ्याच्या कॉलेजात शिकणारी. मला ती मोठी आई म्हणते. माझ्या मांडीवर बसून ती गायला शिकली. मंगळवारी दिवेलागणीला आम्ही बारा जणी गावातल्या देवीच्या देवळात गाणी म्हणतो, ढोलकी आणि झांजा घेऊन. पाच वर्षांची असल्यापासून ती तिथं यायची आणि पंधराव्या वर्षी आम्ही तिला पुढं बसवलं.

पुढं बसणं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्यात एक जण पुढं गाते आणि बाकीच्या झील धरतात. पुढची बाई ओळ अर्धी म्हणते आणि सोडते, उरलेली अर्धी आम्ही उचलतो. तेवढ्यात तिला दम घ्यायला मिळतो. आणि कधी पुढचीच अडकली, शब्द आठवेना, ठसका लागला, तरी आम्ही ओळ उचलतोच. खाली पडू देत नाही. ऐकणाऱ्याला कळतही नाही कोण कुठं अडकलं. याला आमच्यात कुणी चूक म्हणत नाही, कुणी मोजतही नाही.

पोरगी टीव्हीवर अशी काही गायली की गिरणीवर दळणापेक्षा माणसंच जास्त यायला लागली. एरवी पेपरातून डोकं वर न काढणारे गुरुजी रिकामा डबा घेऊन यायचे. परीक्षकांमध्ये एक वयस्कर गवई होते, कडक, कुणाला सहजासहजी चांगलं म्हणायचे नाहीत. ते आमच्या पोरीला म्हणाले, "तुझ्या आवाजात माती आहे, ती धुऊ नकोस." त्या दिवशी माझ्या जावेनं सगळ्या गल्लीला शिरा खाऊ घातला. आणि शेवटच्या पाचांत जो येईल त्याला त्याच गवयांकडं वर्षभर राहून शिकायला मिळणार होतं. पोरीला बक्षीस नको होतं, हे पाहिजे होतं. फोनवर मला म्हणाली होती, "मोठी आई, मला नुसतं येतंय गं. शिकलेलं काहीच न्हाय. एक वर्ष मिळालं ना, तर मी माणसात येईन." असं म्हणून हसली.

सहा जण उरले. त्यातला एक जाणार होता. त्या आठवड्यात लोकगीतं होती आणि प्रत्येकाच्या गावची माणसं बोलवायची होती. पोरीनं सांगितलं, माझी मंगळवारची मंडळी बोलवा. आमच्या बारा जणींना निरोप आला. काय सांगू तो थाट! आजींनी ठेवणीतलं इरकल लुगडं काढलं. निघताना आधी तुळजापूरला देवीच्या पाया पडलो आणि छोट्या बसनं मुंबईला गेलो, वाटभर गात.

स्टुडिओत थंडी अशी की पौष महिना आत कोंडलाय. आजींच्या अंगावर आम्ही दोन शाली टाकल्या. कानाला यंत्र लावलेल्या एका पोरसवदा माणसानं आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं आणि बजावलं, "मी हात वर केला की टाळ्या. बाकी अजिबात आवाज नको." आम्ही माना हलवल्या. मी तर सगळ्यांच्या वतीनं म्हणाले, "काळजीच करू नका."

मध्येच दिवे बदलायला काम थांबलं, तेव्हा ती सूत्रसंचालन करणारी बाई चालत आमच्याकडं आली. कॅमेरे बंद होते, ते मी खास बघून घेतलं. आजींच्या पायाशी पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजी, जेवलात का? इथली भाजी तिखट नसते, लोणचं मागवू?" मग उंच टाचांचे सँडल काढून पाय चोळायला लागली. टाचांना पट्ट्या लावलेल्या, त्याही निघालेल्या. सकाळपासून उभी होती. जावेनं माझ्याकडं 'आता तरी पटलं का?' असं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं.

मग आमची पोरगी आली. हिरवी साडी, कपाळाला मळवट, आणि गाणं आमचंच, मंगळवारचं. पहिलं कडवं झालं तेव्हा तो कडक गवई खुर्चीत पुढं सरकून बसला होता. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिनं आवाज वर नेला, समोर आमच्याकडं बघितलं, आणि थांबली. वाद्यं चाललीत आणि तिचा आवाज नाही.

मी काही ठरवलं नाही. देवीशप्पथ नाही ठरवलं. तोंड उघडलं आणि उरलेली अर्धी ओळ बाहेर पडली, गिरणीवरच्या आवाजात. माझ्या पाठोपाठ अकरा जणींची. पोरीनं दम घेतला, पुढची ओळ धरली आणि हसत-हसत गाणं संपवलं. अंगावर काटा आला. वाजवणारे उठून उभे राहिले. आमच्या मंगळवारी सुद्धा ते गाणं तसं कधी झालं नव्हतं.

आणि मग तो कानाला यंत्र लावलेला माणूस धावत आला. "कोण गायलं मधी? सांगितलं होतं ना आवाज नको म्हणून?"

मी उभी राहिले. "मी," म्हणाले. गिरणी हातात घेतल्यापासून पहिल्यांदा माझा आवाज बारीक निघाला.

तो आणखी काही बोलणार, एवढ्यात ती बाई त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली, अनवाणीच. त्याला म्हणाली, "त्यांना ओरडायचं नाही. पाहुण्या आहेत." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "ताई, तुमच्याकडं असंच म्हणतात का?" मी तिला झील कशी धरतात ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलली नाही.

गवई वाईट नव्हते. त्यांनाही ते गाणं आवडलं होतं, तोंडावर दिसत होतं. पण म्हणाले, "बाळ, तू ओळ विसरलीस आणि बाहेरून मदत झाली. बाकी पाच जणांना ती मदत नाही. तुला परत गावं लागेल, आणि गुण कापावे लागतील."

पोरीनं मान खाली घातली. "हो सर. विसरले मी."

ती परत गायली. अगदी बिनचूक, एकटीनं. आम्ही बारा जणी तोंडाला पदर लावून बसलो होतो, आजींनी तर बोळा करून तोंडात धरला होता. त्या ओळीपाशी तिनं आमच्याकडं बघितलंच नाही. गाणं चांगलं झालं, पण अंगावर काटा आला नाही. निकालात ती सहावी आली. ती बाई तिचा हात धरून उभी राहिली, आणि मला वाटलं आता ही मोठं भाषण करणार. तिनं फक्त नाव पुकारलं, पोरीला पोटाशी धरलं आणि आत घेऊन गेली.

परत येताना बसमध्ये कुणी गायलं नाही. जाऊ पुढं ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. एरवी जेवायचं ताट सुद्धा माझ्या शेजारी घेणारी बाई. तिच्या लेकीचं एक वर्ष माझ्या नरड्यानं खाल्लं होतं.

टीव्हीवर तो भाग आला तेव्हा त्यांनी पहिलं गाणं दाखवलंच नाही, फक्त दुसरं दाखवलं. त्यामुळं दुसऱ्या दिवशी गिरणीवर आगडोंब उसळला. "चांगली तर गायली! काय कमी व्हतं?" "सगळं आधीच ठरल्यालं आसतंय!" गुरुजी तर त्या गवयांना निवेदन देऊ म्हणाले. सगळा गाव परीक्षकांच्या नावानं बोटं मोडत होता आणि आम्ही बारा जणी खाली बघत होतो. दोन दिवस मी ऐकलं. तिसऱ्या दिवशी एका बाईनं त्या गवयांना आईवरून शिवी दिली, तेव्हा मी गिरणी बंद केली.

"त्यांना काय बोलू नका," मी म्हणाले. "पोरगी मधीच थांबली, म्या तोंड उघडलं, म्हणून तिचे गुण कापले. त्यो माणूस नियमानं वागला. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

आपापले डबे उचलून बायका गेल्या, दोघींचं तर दळण व्हायचं होतं. जाऊ दारात उभी होती, तीही निघून गेली. त्यानंतरच्या मंगळवारी मी देवळात गेले नाही. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाही. पाठ दुखतेय म्हणून सांगितलं.

पोरगी आणखी काही कार्यक्रमांसाठी तिकडंच होती, ती एका मंगळवारी सकाळी आली. घरी पिशवी टाकून दुपारी गिरणीवर आली आणि ज्वारीच्या पोत्यावर बसली. मी दळत होते. तिच्याकडं बघायचा धीर नव्हता, म्हणून पीठ हातावर घेऊन उगीच चोळत बसले. ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. तिनंच उठून खटका दाबला. पट्टा फडफडत थांबला.

"मी विसरले नव्हते, मोठी आई."

मी हातातलं पीठ डब्यात झटकलं आणि तिच्याकडं वळले.

"ते गाणं मी कधी विसरीन का? चार दिवस तिथल्या लोकांनी घोटून घेतलं होतं माझ्याकडनं, पूर्ण ओळ एकटीनं म्हणायची म्हणून. पाठ झालं होतं. पण समोर तुमी सगळ्या बसलेल्या दिसला. आजी, आई, तू. अन् मी ओळ सोडली. सवयीनंच सोडली गं. मला वाटलंच न्हाय की मी टीव्हीत हाय."

"मग सांगितलं का न्हाईस त्यांना?" मी ओरडलेच. गिरणी बंद होती तरी.

"सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, या बायकांना बोलवायलाच नको होतं. तुमी रात्रभर गाडीत बसून आलेल्या. आजी त्या थंडीत दोन शाली घिऊन बसलेल्या. तुमच्यासमोर मी ते कसं ऐकून घिऊ? त्यापरीस विसरले म्हटलेलं बरं."

मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले. वीस वर्षांची पोर! ज्या वर्षासाठी तिचा जीव तुटत होता ते वर्ष हातचं गेलं, आणि आम्हाला कुणी बोल लावू नये म्हणून ती सगळ्यांपुढं विसराळू ठरली. गळा तर तिला देवीनं दिला होता, पण हे कुठून आणलं तिनं?

"कुणालाच सांगितलं न्हाईस?"

"एकीला कळलं. त्या ताईंना, त्या सूत्रसंचालन करणाऱ्या. आत नेल्यावर त्यांनी मला विचारलं, 'तू थांबलीस ना त्यांच्यासाठी?' 'मी बाजूला उभी होते, विसरणाऱ्याचं तोंड असं नसतं,' म्हणाल्या. मी त्यांना हात जोडले, कुणाला बोलू नका म्हणून. त्या म्हणाल्या, नाही बोलणार. मग एकदम रडायला लागल्या. मेकअप सगळा गेला."

तिथं आत कॅमेरा नव्हता. मी मनात हिशेब केला. एवढी बोलणारी बाई. हे टीव्हीवर बोलली असती तर सगळा महाराष्ट्र रडला असता, तिचं नाव झालं असतं. आणि हे एवढंच तिनं पोटात ठेवलं. मी वर्षानुवर्षं याच बाईला बडबडी म्हणत होते.

"तुझ्या आईला सांगितलंस?"

"सकाळी आल्या आल्या. आई आधी मला लई बोलली. मग म्हणाली, हितं काय बसलीस, आधी गिरणीवर जा. आज मंगळवार हाय, आक्कांना घिऊनच ये."

संध्याकाळी मी देवळात गेले. पिठाची साडी बदलायची सुद्धा आठवण राहिली नाही. आजींनी मला बघून मराठीत दोन शब्द सुनावले, पाठदुखीवरून. जाऊ नेहमीच्या जागेवर बसली होती आणि तिच्या शेजारची माझी जागा मोकळी होती. मी बसले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, फक्त झांज माझ्या हातात दिली.

पोरगी पुढं बसली आणि तिनं तेच गाणं घेतलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी आवाज वर नेला, मागं वळून आमच्याकडं बघितलं आणि ओळ सोडली.

आणि माझा आवाज फुटेना. वीस वर्षं गिरणीच्या वर चढलेला आवाज, घशातून वर येईना. डोळ्यांपुढं सगळं पाण्यानं भरलेलं.

ओळ माझ्या जावेनं उचलली. एरवी झील सुद्धा तोंडातल्या तोंडात धरणारी ती बाई, गाभारा दणाणेल अशी गायली. आणि श्वास घ्यायच्या आत मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आक्का, आता का गप? म्हणा की."

मी ओळ म्हटली.